गट्टूला मारलं कामून?

"वैनी, तुमच्या पोरानं त्या हमालाला मारलं कामून?"

सकाळचे साडेसात. मी चहा गाळत होते. भिंतीपलीकडून काकूंचा हा खणखणीत आवाज आला आणि नेमका त्याच वेळी गल्लीतून दूधवाला चालला होता. त्यानं गाडी हळू करून आमच्या दाराकडं असं पाहिलं, की आता हा चौकात जाऊन काय काय सांगणार ते मला इथूनच दिसलं. त्याला थांबवून काय सांगू? की बाबा, मेलेला हमाल गोष्टीतला आहे? आणि मारणारा आमचा धाकटा आडतीवर मुनीम आहे आणि बाथरूममध्ये पाल दिसली की अजून मलाच हाक मारतो?

दोन कप घेऊन भिंतीशी गेले. आमची ही कंपाउंडची भिंत छातीइतकी उंच. काकूंचा शेवगा आमच्याकडं झुकलेला, आमचा कढीपत्ता त्यांच्याकडं. भिंतीवर मधोमध एक फरशी बसवून घेतलीय, कप ठेवायला. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, कशाला बाई? वीस वर्षांत त्या फरशीवर जेवढे कप टेकले, तेवढे आमच्या जेवणाच्या टेबलावरही टेकले नाहीत.

काकू बाजेवर कुरड्या घालून बसल्या होत्या, हातात कावळे हाकायची काठी. "रातभर डोळ्याला डोळा नाई मला," त्या म्हणाल्या. "नऊ वाजता भाग आला, नातीनं वाचून दाखिवला, साडेनवाला गट्टू खल्लास. आसं आस्तंय का? त्यो बिचारा त्या लेकराला रोज चतकोर भाकर ठिवायचा की वो!"

तर गोष्ट अशी. धाकटा मोबाईलवर भाग लिहितो. दर गुरुवारी रात्री नऊला एक, आतापर्यंत अकरा झाले. नाव 'रातकाटा'. हिंगोलीचं आपलं संत नामदेव हळद मार्केट यार्ड, तिथला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, आणि त्या काट्यावर मापारीण असलेली एक पोरगी. दिवसभराचं लिलावाचं बीट संपून हमाल घरी गेले, की हिशेब लावत ती एकटी बसते. एका रात्री काट्यावर कुणी नसताना लाल आकडे उमटतात: बावीस किलो चारशे ग्रॅम. ती काटा झाडते, बंद करून पुन्हा सुरू करते. तरी बावीस चारशे. मग आकडे एकदम शून्यावर येतात, आणि हळदीच्या भुकटीत लहान पावलाचा ठसा दिसतो. तो मुंजा. त्याचा पिंपळ रस्ता रुंदीकरणात गेला, तेव्हापासून बेघर होऊन यार्डात फिरतो.

गट्टू हा त्यातला हमाल. हळदीची लांब ती कांडी, गोल तो गट्टू, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा बुटका, गोल, म्हणून गट्टू. दहाव्या भागापर्यंत त्याचं काम एवढंच, पोती उचलायची आणि मुंज्यासाठी भाकर ठेवायची. अकराव्यात पोत्यांची थप्पी अंगावर पडून गेला.

"माझी भाची पुण्यात असते ना," मी काकूंना म्हटलं, "ती म्हणते, याला अर्बन फँटसी म्हणतात. जंगल-राजवाडा नाही, राक्षसाचा किल्ला नाही. आपलं रोजचंच शहर, तीच दुकानं, तेच पोलीस ठाणं, आणि त्यातच भुतंखेतं, देव, जादू सगळं नांदतंय."

"म्हंजी शेरातली भुताटकी," काकूंनी एका दमात भाषांतर केलं. "मंग ह्याच्यात नवं काय? धारपांनी काय केलं व्हतं?"

इथं मला कप खाली ठेवावा लागला. काकूंचे यजमान एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडी असली की रात्री गावच्या पारावर नाहीतर गाडीतल्याच सीटवर झोपायचं. सोबतीला कंदील आणि लायब्ररीतलं पुस्तक. काका जाऊन सहा वर्षं झाली, पण काकूंच्या डोक्यात त्यांची लायब्ररी जशीच्या तशी आहे. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तर त्या जावई असल्यासारखे सांगतात. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पुस्तकं हजाराच्या वर. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि तो बॅरिस्टर अमर विश्वास. शिरवळकर म्हटलं की आताच्या पोरांना 'दुनियादारी' आठवते, तीही २०१३ च्या सिनेमामुळं. आमच्या पिढीला त्यांची मालिकांमधली माणसं आधी भेटली.

पण काकूंचा जीव धारपांच्या समर्थांवर. नारायण धारप पुण्याचे, जन्म १९२५, गेले २००८ साली. आणि काकू म्हणतात ते अगदी खरं आहे. धारपांची भीती कुठं सुरू होते? भाड्याच्या खोलीत, नोकरी करणाऱ्या, पगारावर घर चालवणाऱ्या माणसाच्या घरी. लग्नाला चार वर्षं झालेली, नवीन जागा मिळाल्याचा आनंद, आणि मग जिन्याखालच्या कोनाड्यात काहीतरी. तिथं समर्थ येतात. शांत माणूस, आरडाओरडा नाही, विभूती फुंकून नाचणं नाही. एका पुस्तकात संकट निवारलं की दुसऱ्यात दुसरं. वाचणाऱ्याला कळून चुकायचं, की आपल्या वाड्यालाही जिना आहे, जिन्याखाली कोनाडाही आहे. अर्बन फँटसी हा शब्द कानावर यायच्या आधी आपण ती वाचून, उशाशी ठेवून, घाबरून मोकळे झालो होतो. आता धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला 'तुंबाड' बघा. २०१८ ला आला तेव्हा बेताचाच चालला, आणि २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई. सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले, दुसरं काय!

"त्यांच्या पुस्तकात एकच खोड," काकू म्हणाल्या. "सगळं पुण्यात. नाईतर मुंबईत. कव्हा तरी एखादं भूत परभनीला उतरलं का?"

हसण्यावारी नेलं मी, पण ते मनात राहिलं. बघा ना, भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगीचा केला. बनेश फेणे, सायकल, तोंडानं काढलेला तो 'ट्टॉक'. पुण्याजवळचं एक खेडं, पण हिंगोलीच्या पोरांना तालुक्याचं गाव सांगता यायचं नाही, फुरसुंगी पाठ. (आता फुरसुंगी म्हटलं की पुण्याच्या कचरा डेपोची बातमी आठवते. फेणे असता तर त्यानं तोही छडा लावला असता.) एका पोराच्या मालिकेनं गाव नकाशावर आणलं. आपल्या हिंगोलीला कुणी आणलं?

"आणलं व्हतं," काकू म्हणाल्या, "एकदा."

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. ऐंशीच्या दशकातली. काकांना एका रहस्यकथेत हिंगोली सापडली. कुठल्या लेखकाची ते काकू सांगत नाहीत, काकांनी शपथ घातलीय. खुनी हिंगोलीला गाडीत बसतो आणि थेट मुंबईला बोरीबंदरवर उतरतो. काका आधी आनंदानं उड्या मारू लागले, आणि मग भडकले. कारण आपल्या हिंगोलीला तेव्हा मीटरगेज. ब्रॉडगेज २००८ ला झालं. म्हणजे पूर्णेला गाडी बदला, मनमाडला पुन्हा बदला, मग मुंबई. खुनी न बदलता गेलाच कसा? काकांनी पंधरा पैशांचं कार्ड घेतलं आणि बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरून लिहिलं, गाड्यांच्या वेळांसकट. कंडक्टरच तो.

"उत्तर आलं?"

"आलं की! दीड महिन्यानं. दोनच वळी. चूक मान्य, म्हन्ला, पुढल्या पुस्तकात खुनी मनमाडला चहा पील. अन् पेला वो वैनी! पुढल्या पुस्तकात खरंच मनमाडच्या टेसनावर चहा पेला. ह्यांनी ते पान फाडून पाकिटात ठिवलं. लायब्ररीवाल्यानं दंड घेतला, तरी हसत भरला."

मला त्या फाटलेल्या पानाचं फार कौतुक वाटलं. एकटं पुस्तक लिहिणारा माणूस लिहून मोकळा होतो. मालिका लिहिणाऱ्याची गत वेगळी, पुढचा भाग यायचा असतो तोवर वाचणारा त्याच्या मानगुटीवर. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकानं १८९३ साली धबधब्यात ढकलून मारला, तर लोकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. दहा वर्षांनी, १९०३ ला, तो बिचारा लेखक होम्सला जिवंत करून बसला. हे मी काकूंना सांगितलं ही माझी चूकच झाली. त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी ओळखलं.

"म्हंजी परत आनता येतंय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात कावळा आला. काठी फिरली, कावळा उडाला, दोन कुरड्या तुटल्या.

विषय बदलावा म्हणून मी भाचीनं सांगितलेली दुसरी गोष्ट काढली. बेन अ‍ॅरोनोविच म्हणून इंग्रजीतला लेखक आहे. २०११ पासून त्याची लंडनची मालिका चाललीय. नवा भरती झालेला पोलीस शिपाई, खुनाच्या जागी रात्री पहाऱ्याला उभा, आणि साक्ष द्यायला येतं ते भूत. पुढं त्याला कळतं, की लंडनच्या नद्या म्हणजे बायका आहेत, चालत्याबोलत्या. थेम्स ही त्यांची आई, आणि ती मूळची नायजेरियातून आलेली बाई. तिच्या पोरी म्हणजे छोट्या नद्या, काही तर रस्त्याखाली गाडलेल्या.

काकू गप्प झाल्या. काकू गप्प होणं म्हणजे काय हे गल्लीला विचारा.

"मंग आपली कयाधू कोन?" त्या शेवटी म्हणाल्या.

खरंच की! आपल्या गावाला लागून जाणारी नदी, पुढं पैनगंगेला मिळते. नाव कयाधू. हिरण्यकश्यपूची बायको, प्रल्हादाची आई. राक्षसाच्या घरची असून देवभक्त पोर पोटात वाढवलेली बाई. लंडनवाल्याला एवढं आयतं मिळालं असतं तर त्यानं चार पुस्तकं काढली असती. आपण तिच्यात काय टाकतो ते सांगायला नको. उन्हाळ्यात ती कोरडी, चार डबकी आणि बाभळी. "रुसून बसलीय," काकू म्हणाल्या. "सासर राकसाचं, माहेर आटलेलं. पोराला सांगा, तिला घाला गोष्टीत. पर म्हातारी करू नका. मधल्या वयाची ठिवा, आपल्याएवढी."

आणि नावं म्हणाल तर, रिसाला बाजार, पलटण, तोफखाना! निजामाच्या काळात इथं घोडदळ, फौज, छावणी होती, तिच्या खुणा नुसत्या नावात उरल्या. रात्री अकरानंतर रिसाल्यातून चालत या, आणि टापांचा आवाज आला नाही असं मनाला पटवून दाखवा. धाकट्यानं हा भाग लिहिलाय, सहावा. त्यात घोड्याचं वजन भरलंय यार्डाच्या मोठ्या काट्यावर. ट्रकच्या.

पण माझं खरं प्रेम आठव्या भागावर. औंढ्याला नागनाथासमोर नामदेव कीर्तन करत होते, त्यांना मागं जायला सांगितलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदी तेवढा मागच्या बाजूला राहिला. ही कथा आपण आईच्या दुधाबरोबर पितो. नामदेव आपल्या नरसीचे, विसोबा खेचर त्यांना भेटले औंढ्यालाच. आणि आता त्याच औंढा तालुक्यात लायगो उभं राहतंय. २०२३ ला सरकारनं मंजूर केलं, २६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. अब्जावधी वर्षांमागं कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची थरथर इथं पोचली तर मोजायची. अणूच्या पोटातल्या कणाहून बारीक हालचाल टिपणारं यंत्र! अमेरिकेतल्या यंत्रानं तसली पहिली थरथर १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली. धाकट्यानं काय केलं, त्या मापारणीला लायगोवर नेलं. तिथल्या साहेबाला ती विचारते, "देऊळ फिरलं तेव्हा तुमचं यंत्र असतं तर आकडा किती आला असता?" आणि साहेब हसत नाही. कागद ओढून हिशेब मांडायला बसतो. भाग तिथंच संपतो.

मी आई आहे म्हणून म्हणत नाही. म्हणजे आई आहे म्हणूनच म्हणते, पण तरी चांगला आहे.

भाची म्हणाली, मावशी, हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक मराठीत आलं तेव्हा नाव काय दिलं माहितेय? 'हॅरी पॉटर आणि परीस'. मी म्हटलं, परीस तर नामदेवांनी चंद्रभागेत फेकून दिला अशी गोष्ट आहे. विलायतेतलं पोर त्याच्यासाठी अख्खं पुस्तक जीव धोक्यात घालतं, आणि आपला शिंपी तो नदीत भिरकावतो!

आता जरा जपून बोलते, कारण कोपऱ्यावरच्या घराची खिडकी उघडी आहे. तिथल्या बाई आमच्याशी चार आठवडे बोलत नाहीत. कारण सातवा भाग. त्यात एक जखीण आहे. पहाटे सगळ्यांच्या कुंपणावरून हात घालून कढीपत्ता तोडते, पूजेची फुलं तोडते, आणि वर विचारते, "एवढं लावून ठेवलं, खातं कोण?" गल्लीतल्या प्रत्येकानं ओळखली. मला धाकट्यानं देवाशपथ सांगितलं, की त्यानं कुणावर बेतली नाही. काकू म्हणतात, "बेतली आसंल नायतर नसंल, बसली तर बराबर." गंमत म्हणजे त्या दिवसापासून कढीपत्ता वाढू लागलाय. पण परवा त्याच बाईंच्या सूनबाईनं मला हळूच विचारलं, "काकू, जखिणीला पुढं काही चांगलं काम देणारेत का? सासूबाई रोज विचारतात." म्हणजे वाचतात! रुसून वाचतात, पण एक भाग चुकवत नाहीत.

तिकडं सिनेमावाल्यांनी २०२४ ला 'मुंज्या' काढला, हिंदीत. नातीनं काकूंना दाखवला. काकूंचं मत एकच: "कोकनातला हाय, समिंदराकाठचा. आपला मुंजा पिंपळाखाली आस्तो, शेंदूर लावलेला, अन् पेरनीच्या आधी त्याला नारळ लागतंय. त्या कोकनातल्याला हळदीचं काय कळतंय?" धाकट्याच्या मुंज्याला मात्र त्यांनी पास केलंय. फक्त सोडमुंजीआधी गेलेलं पोर आठ वर्षांचं, त्याचं बावीस चारशे वजन जास्त होतं का कमी, यावर त्या आणि नात एक अख्खी दुपार भांडल्या. शेवटी शेजारचं आठ वर्षांचं पोर धरून किराणा दुकानाच्या काट्यावर उभं केलं. एकवीस नऊशे. "जमतंय," काकू म्हणाल्या.

असो. गट्टूवर येते, कारण काकू काही सुटल्या नाहीत. निघताना त्यांनी फरशीवर हात आपटून सांगितलं, "पोराला म्हना, गट्टू परत आला नाई तर शेवग्याच्या शेंगा बंद. फांदी तुमच्याकडं हाय म्हनून काय झालं, बुड माझ्याकडं हाय."

रात्री जेवताना निरोप पोचवला. धाकटा हसला नाही. त्याची एक वही आहे, आडतीची जुनी लाल वही, उलट्या बाजूनं लिहिलेली. कोणाच्या कोणत्या हाताला व्रण, कोण कुठल्या भागात काय बोललं, मुंजा कुठल्या तिथीला दिसला. ती काढून बसला. म्हणाला, "आई, पाचव्या भागात गट्टूला तीन बोटं होती डाव्या हाताला. नवव्यात मी त्याला ढोलकी वाजवायला लावलीय. कुणाच्याच लक्षात आलं नाही." मी म्हटलं, काकूंच्या आलं होतं. त्या म्हणाल्या, तीन बोटांची ढोलकी लई गोड वाजती, आमच्या गावात एक जन व्हता.

पुढचा गुरुवार. नऊ वाजता नात मोबाईल घेऊन भिंतीशी, काकू खुर्चीवर, मी इकडून. कोपऱ्यावरची खिडकी उघडी, दिवा बंद. भाग छोटाच होता. मापारीण रात्री एकटी. गट्टूची जागा रिकामी, भाकर कुणीच ठेवलेली नाही. काट्यावर लाल आकडे येतात. ती म्हणते, आलास का रे? पण आकडे बावीस चारशे नाहीत. अठ्ठावन्न किलो. आणि मग आणखी बावीस चारशेनं वाढतात. भाग संपला.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग लगेच पदर काढला.

"थांब, थांब. दुसऱ्या भागात समद्या हमालांनी वजन केलं व्हतं काट्यावर, पैज लावून. तव्हा गट्टू एकसष्ट भरला व्हता. आता अठ्ठावन कामून?"

नातीनं मागं जाऊन भाग काढला. एकसष्ट. मी घरात हाक मारली. धाकटा वही घेऊन बाहेर आला, पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि मान खाजवू लागला. चूक झाली होती, सरळसोट.

"माफ करा काकू, उद्या दुरुस्त करतो..."

"कायबी दुरुस्त करू नको," काकू उठून शेवग्याकडं गेल्या, आकड्यानं फांदी ओढली, पाच-सहा शेंगा तोडून फरशीवर ठेवल्या. "आठ दिवस झाले त्याला जाऊन, भाकर कुनी दिली नाई. उपाशी हाय त्यो. वाळला आसंल."